अण्णांची वही आणि संमेलन

आमच्या आत्याचं आणि माझं एक जुनं भांडण आहे. आत्या म्हणते, साहित्य संमेलन म्हणजे रिकामटेकड्या लोकांची जत्रा. मी म्हणते, जत्रा असली म्हणून काय बिघडलं? यावर ती म्हणते, जत्रेत निदान देव तरी असतो!

फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत ९८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कराडहून बोलावून घेतलं. ७३ वर्षांचा माणूस गोवा एक्सप्रेसनं एकटा आला. त्यावर आत्याचा फोन आलाच. "काय गं, एवढ्या थंडीत माझ्या भावाला तिकडं कशाला ओढलंस? असं काय असतं तिथं?" फेब्रुवारी संपत आला की दिल्लीत थंडी उरलेली नसते हे मी तिला सांगितलं. पण "असं काय असतं तिथं" याचं उत्तर मात्र नीट देता आलं नाही. मी काहीतरी हां-हूं केलं आणि फोन ठेवला.

ते उत्तर तेव्हापासून डोक्यात घोळतंय. नंतर ९९वं साताऱ्याला झालं, म्हणजे आमच्या घरापासून तासाभरावर. पण तेव्हा अण्णांचा गुडघा नुकताच बदललेला, डॉक्टरांनी जिनासुद्धा चढायचा नाही असं बजावलेलं. बिचारे रोज पेपरातली संमेलनाची पानं कापून ठेवत बसले. ९९ नंतर १०० येतात. शंभर म्हटलं की कमानी, स्मरणिका आणि भाषणं आलीच. म्हणून म्हटलं, त्याआधी आपलं म्हणणं मांडून टाकावं. आत्या, हे तुझ्यासाठी. आणि बाकीच्यांसाठीही, कारण तुमच्यातल्या निम्म्यांचं मत आत्यासारखंच आहे हे मला ठाऊक आहे :)

आधी अण्णांविषयी. अण्णा साखर कारखान्यात टाइमकीपर होते. पाळ्या लावणे, हजेऱ्या घेणे, भोंग्याकडे लक्ष ठेवणे हे त्यांचं काम. लेखक वगैरे ते कधीच नव्हते. घरात पुस्तकं मात्र खूप, आणि बरीचशी जुन्या बाजारातून आणलेली. आता गंमत अशी की संमेलनं बहुतेक डिसेंबर ते फेब्रुवारीत भरतात आणि गळीत हंगाम ऐन भरात असतो तोही नेमका तेव्हाच. त्यामुळे रजा मिळायची मारामार. नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांना जेमतेम सात-आठ संमेलनं गाठता आली. त्यांतली दोन कराडचीच, १९७५ आणि २००३.

१९७५ची गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेलीय की आम्हा भावंडांना ती पाठ आहे. आणीबाणी लागून काही महिने झाले होते. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे कराडचे यजमान आणि त्याच वेळी इंदिरा गांधींच्या सरकारातले परराष्ट्रमंत्री. आणि अशा त्या संमेलनात दुर्गाबाईंनी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी सगळ्यांना प्रार्थना करायला सांगितली. जयप्रकाश म्हणजे सरकारनं ज्यांना तुरुंगात टाकलं होतं तेच. अण्णा तेव्हा २३ वर्षांचे, मांडवात मागे कुठेतरी उभे. ते सांगतात की शेजारी एक म्हातारे शेतकरी होते, त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. अण्णांनी त्यांना विचारलं, "तुम्ही दुर्गाबाईंचं काही वाचलंय का?" म्हातारबाबा म्हणाले, "न्हाई. पर बाई खरं बोलत्यात."

पुढे १९७६ साली दुर्गाबाईंना अटक झाली. अण्णांनी ती बातमी कारखान्याच्या गेटवर वाचली. त्यानंतर त्यांनी त्यांची पुस्तकं एकेक करून मिळवून वाचायला सुरुवात केली. म्हणजे आधी माणूस पाहिला, मग पुस्तक आलं. मला वाटतं संमेलनाचं सगळ्यात मोठं काम हेच असावं. आपल्यासारखे लोक उलट्या रस्त्यानं येतात, आधी पुस्तक आणि मग जमलंच तर लेखक. पण तालुक्याच्या गावात, जिथं धड पुस्तकाचं दुकान नसतं, तिथं कित्येकांना पुस्तकापर्यंत नेणारा रस्ता माणसावरूनच जातो.

आता थोडा इतिहास. (आत्या, जांभई देऊ नकोस, थोडाच आहे.)

पहिलं संमेलन १८७८च्या मे महिन्यात पुण्यात झालं. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकारानं. तेव्हा त्याचं नाव साहित्य संमेलन नव्हतं, ते ग्रंथकारांचं संमेलन होतं. नावातच बघा, ग्रंथकार! लिहिणाऱ्यांनी एकत्र जमायचं आणि मराठी ग्रंथांचा प्रसार कसा होईल याचा विचार करायचा. म्हणजे वाचकाची चिंता होती, पण वाचकाला बोलावणं नव्हतं. दुसरं झालं थेट १८८५ साली. त्याचं निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेलं आणि त्यांनी ते पत्र लिहून नाकारलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की जे सगळ्या माणसांना माणसाचे हक्क द्यायला तयार नाहीत त्यांच्या सभेत आणि त्यांच्या पुस्तकांत आमचं दुःख कुठून येणार?

मला नेहमी वाटतं की संमेलनाचा खरा इतिहास अध्यक्षांच्या यादीत नाही, या दोन गोष्टींमध्ये आहे. एक, वाचकाला बोलावलं का? आणि दोन, बोलावलं तर कोणाला? पुढची सगळी भांडणं यातूनच आली. १९५८ साली मुंबईत दलित साहित्य संमेलन झालं, त्याचं उद्घाटन अण्णा भाऊ साठ्यांनी केलं. १९९९ला धारावीत विद्रोही साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष बाबुराव बागूल. लोक म्हणतात ही फूट आहे. मी म्हणते ही फुल्यांच्या पत्राची पुढची पानं आहेत. आणि बायकांचं म्हणाल तर पहिली स्त्री अध्यक्ष व्हायला १९६१ उजाडलं, कुसुमावती देशपांडे, ग्वाल्हेरला. मग दुर्गाबाई, शांताबाई शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि २०२५ला दिल्लीत तारा भवाळकर. ९८ संमेलनांत सहा! मांडवातल्या खुर्च्या मोजा, निम्म्याहून जास्त बायका बसलेल्या असतात. असो. यावर वेगळं लिहावं लागेल.

आता मूळ मुद्द्याकडे येते, म्हणजे अण्णांच्या वहीकडे. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईलासुद्धा नाही.

अण्णांनी एकदा ऊसतोडणी कामगारांवरची एक कादंबरी वाचली. लेखक नावाजलेले. (नाव लिहीत नाही, ते आता हयात नाहीत.) अण्णांना कादंबरी फार आवडली. इतकी की त्यांनी दोनशेपानी वही आणली आणि तिच्यावर लिहायला बसले. समीक्षा वगैरे नाही हं. टाइमकीपरच्या पद्धतीनं, पान नंबर टाकून नोंदी. पान अमुक, इथं कोयत्याचा हिशेब चुकलाय. एक कोयता म्हणजे एक माणूस नव्हे, नवराबायकोची जोडी. उचल जोडीवर दिली जाते, म्हणून बाई बाळंतपणाला आली की मुकादम आधी उचलीचा विचार करतो. पान तमुक, रात्रपाळीचा भोंगा यावेळी होत नाही. पान अमुक, वाढे विकून जे चार पैसे येतात ते बाईच्या हातात राहतात हे तुम्ही लिहिलंत, हे अजून कुणी लिहिलेलं मी वाचलं नाही, हे वाचून मी पुस्तक मिटून बसलो. अशी सत्तावीस पानं! सुवाच्य अक्षरात, समास सोडून.

पत्रानं पाठवली असती तर? पण अण्णांचं म्हणणं, वही पोस्टानं पाठवायची नसते, हातात द्यायची असते. त्या वर्षीच्या संमेलनात ते लेखक येणार होते. कुठलं संमेलन ते सांगत नाही. अण्णांनी कशीबशी दोन दिवसांची रजा काढली. मीही बरोबर होते, तेव्हा नुकतीच नोकरीला लागलेले.

त्या लेखकांचा परिसंवाद होता. व्यासपीठावर सात वक्ते, एक अध्यक्ष, एक सूत्रसंचालक. प्रत्येकाला आठ मिनिटं म्हणून सांगितलेलं, पहिल्यानंच पंचवीस घेतली. आमच्या लेखकांचा नंबर सहावा. ते बोलायला उभे राहिले आणि सूत्रसंचालकानं चिठ्ठी दिली, पुढच्या सत्राचे पाहुणे आलेत, आवरतं घ्या. ते हसले, दोन वाक्यं बोलले आणि बसले. मग आभार. आभार मात्र व्यवस्थित दहा मिनिटं चालले. मांडववाला, लाऊडस्पीकरवाला, पाणीवाला, सगळ्यांचे मानले. प्रश्न विचारायला वेळ नव्हताच.

अण्णा वही घेऊन व्यासपीठाच्या मागच्या बाजूला गेले. तिथं बांबूंचं कुंपण आणि बिल्ले लावलेले स्वयंसेवक. "पास आहे का?" अण्णा म्हणाले, "पास नाही, वही द्यायचीय." तो मुलगा चांगला होता, उद्धट वगैरे नव्हता. पण त्याला सांगितलेलं काम तो करत होता. "काका, इथं थांबू नका, मंत्रीसाहेबांच्या गाड्या लागणार आहेत." आम्ही बाजूला झालो. एक तास उन्हात उभे होतो. लेखक बाहेर आले ते चार माणसांच्या गराड्यात. अण्णांनी हात वर केला. ते गाडीत बसले, गाडी गेली.

आणि मी काय केलं? मला लाज वाटत होती. आपले वडील असे वही छातीशी धरून उभे आहेत, लोक बघतायत, याची. मी म्हटलं, "अण्णा, चला आता. पुरे झालं. त्यांना काय करायचीय तुमची वही?"

अण्णा काही बोलले नाहीत. एसटीत बसल्यावर एवढंच म्हणाले, "माणसं कामात असतात गं." वही पिशवीत गेली ती घरी आल्यावर ट्रंकेत. पुन्हा कुठल्याही संमेलनाला ती त्यांनी नेली नाही. पुढे काही वर्षांनी ते लेखक गेले.

आता मी स्वतःला विचारते की यात चूक कुणाची? स्वयंसेवकाची नाही. लेखकाची तर नाहीच, त्यांना बिचाऱ्यांना पत्ताही नाही की आपल्या कादंबरीवर एका टाइमकीपरनं सत्तावीस पानं लिहिलीत. पुढच्या आवृत्तीत कोयत्याचा हिशेब दुरुस्त झाला असता, आणि मला खात्री आहे की त्यांना ती वही एखाद्या पुरस्काराहून मोठी वाटली असती. थोडी चूक माझी आहे, ती मी कबूल करते. पण बरीचशी चूक मांडणीची आहे. हजारो माणसं जमवायची, लेखकांना तिथंच आणायचं, आणि दोघांच्या मध्ये बांबू बांधायचे!

काही वर्षांपूर्वी मी जयपूरच्या साहित्य महोत्सवाला गेले होते. २००६ला सुरू झालेला, म्हणजे आपल्या संमेलनापुढे अगदी पोर. तिथली चमकधमक, इंग्रजीचा तोरा, फोटो काढायला आलेली गर्दी, हे सगळं आहेच, आणि त्यावर हसायला मलाही आवडतं. पण एक गोष्ट मला खटकली, म्हणजे आपल्याकडे नाही म्हणून खटकली. सत्र संपत आलं की माईक श्रोत्यांत फिरतो. कुणीही उठून प्रश्न विचारतं, कधीकधी अगदी बावळट प्रश्न. आणि नंतर लेखक पुस्तकांच्या दुकानापाशी टेबलावर बसतो. रांग लागते. रांगेत पास विचारत नाहीत. एक शाळकरी मुलगी एका मोठ्या लेखकाशी वाद घालत होती आणि तो पेन खाली ठेवून ऐकत होता. मला तिथं अण्णांची वही आठवली आणि घशाशी काहीतरी आलं.

मग मी आत्याच्या बाजूची झाले का? नाही. कारण जयपूरचा महोत्सव जयपूरलाच असतो. तो उदगीरला जात नाही. आपलं संमेलन २०२२ला उदगीरला गेलं, २०२४ला अमळनेरला, २०२०ला उस्मानाबादला, २०१५ला तर पंजाबात घुमानला, नामदेवांच्या पाठोपाठ. ज्या गावात एरवी पाठ्यपुस्तकं आणि गाइडंच विकली जातात त्या गावात तीन दिवस पुस्तकांचे गाळे लागतात. शाळेतली पोरं ग्रंथदिंडीत लेझीम खेळतात. पालखीत पुस्तकं असतात, आणि रस्त्यावरच्या बायका पालखी म्हटल्यावर हात जोडतात. आत्या, तू म्हणतेस ना जत्रेत देव असतो? तो पालखीत होता बघ.

आणि कविकट्टा! त्याची चेष्टा मीही खूप केलीय. सकाळपासून रात्रीपर्यंत कवी येतायत, वाचतायत, पुढे ऐकायला पुढचा कवीच बसलाय. पण एकदा नीट बसून ऐका. वायरमन, अंगणवाडी सेविका, निवृत्त फौजदार. कविता बऱ्याच वेळा बेतास बात. पण यातल्या प्रत्येकानं कुणालाही न विचारता, कुणी पैसे न देता, रात्री जागून काहीतरी लिहिलंय आणि ते ऐकवायला तो एसटीनं आलाय. जगातल्या किती भाषांच्या नशिबात हे असेल?

वाद होतात म्हणून संमेलन बंद करा म्हणणारे बरेच आहेत. वाद होतात हे खरंच. २००९ला महाबळेश्वरला अध्यक्षांशिवाय संमेलन झालं, कारण संत तुकारामांवरच्या कादंबरीवरून वादळ उठलं आणि आनंद यादवांना त्याआधी राजीनामा द्यावा लागला. २०१९ला यवतमाळला नयनतारा सहगल यांना उद्घाटनाचं निमंत्रण देऊन ते मागे घेतलं गेलं. लाज वाटावी अशीच गोष्ट होती ती. पण त्याच यवतमाळला पुढे काय झालं तेही बघा. उद्घाटन आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते झालं. अध्यक्ष अरुणा ढेरे यांनी व्यासपीठावरूनच निमंत्रण मागे घेण्याबद्दल नापसंती सांगितली. आणि सहगल बाईंचं न झालेलं भाषण मराठीत भाषांतर होऊन एवढ्या लोकांनी वाचलं की झालं असतं तर तेवढ्यांनी ऐकलं नसतं. अण्णांनीही वाचलं. वाचून म्हणाले, "दुर्गाबाई असत्या तर गप्प बसल्या नसत्या." म्हणजे १९७५ साली बघितलेलं माप ४४ वर्षांनंतरही त्यांच्या हातात होतं. जी संस्था साध्या वाचकाच्या हातात असं माप देते ती बंद करायची नसते, तिला त्याच मापानं मोजायचं असतं.

सरकारी पैशाबद्दलही एक. सरकारनं पैसे द्यावेत. ते आपलेच आहेत. आपली भाषा, आपला कर. पण पैसे देणाऱ्यानं पहिल्या रांगेतल्या पंधरा खुर्च्या आणि उद्घाटनाचा अख्खा दिवस घेऊ नये. मंत्री आले तर आनंदच आहे, त्यांनी खाली बसून ऐकावं. यशवंतराव स्वतः मोठे वाचक होते, आणि कराडमध्ये जे घडलं ते एका मंत्र्याच्या यजमानपणाखाली घडलं हे विसरू नये. यजमानानं पाहुणीला काय बोलायचं हे सांगायचं नसतं, हा साधा घरगुती शिष्टाचार आहे.

तर शंभराव्याच्या निमित्तानं माझी मागणी अगदी लहान आहे. नवीन कमान नको, स्मरणिका नको. परिसंवादात सातऐवजी तीन वक्ते ठेवा आणि उरलेला वेळ श्रोत्यांच्या प्रश्नांना द्या. पुस्तकांचे गाळे मांडवाच्या मागे धुळीत, स्वच्छतागृहाच्या वाटेवर नकोत, मांडवाच्या तोंडाशी हवेत, म्हणजे भाषणाला येणाऱ्यालाही पुस्तकांवरूनच जावं लागेल. गाळ्यांमध्ये एक टेबल आणि दोन खुर्च्या टाका. एक लेखकाची, एक समोर येईल त्याची. कुठला लेखक किती वाजता बसणार हे कार्यक्रमपत्रिकेत छापा, आणि त्या टेबलाभोवती बांबू बांधू नका. आणि मुख्य व्यासपीठावर तीन दिवसांत एकदा तरी एका वाचकाला बोलू द्या. ज्यानं काहीच लिहिलेलं नाही, फक्त वाचलंय, अशा वाचकाला. १८७८ला ग्रंथकारांनी सुरू केलेलं संमेलन शंभराव्या खेपेला वाचकाला खुर्ची देतं, यापेक्षा मोठा सोहळा कुठला?

लोक म्हणतील, प्रश्नोत्तरं ठेवली की भलतेच लोक माईक धरून बसतील. बसतील की! वक्ते नाही का बसत?

आता दिल्लीचं सांगून थांबते. उद्घाटन विज्ञान भवनात पंतप्रधानांच्या हस्ते होतं, तिथं आम्ही गेलो नाही. बाकी सगळं तालकटोरा स्टेडियमला. पहिला बाजीराव १७३७ साली इथवर आला होता, हे अण्णांनी मला रिक्षात ऐकवलं, रिक्षावाल्यालाही हिंदीत ऐकवलं. १९५४ला दिल्लीत संमेलन झालं तेव्हा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष होते आणि उद्घाटन नेहरूंनी केलं होतं, हेही. मी म्हटलं, अण्णा, उतरायचं आलं.

पुण्याहून खास रेल्वेनं आलेली मंडळी जिकडेतिकडे दिसत होती. गाडीतही त्यांनी कविता म्हणत संमेलन भरवलं होतं म्हणे. दुपारी अण्णा दमले. एका गाळ्यातल्या मुलानं त्यांना प्लास्टिकचं स्टूल दिलं. मी पाणी आणायला गेले. परत येते तो अण्णा एका तरुण मुलीशी बोलतायत. तिचं पहिलंच पुस्तक आलेलं, ती स्वतःच गाळ्यात उभी होती. मराठवाड्यातली, आजीआजोबा ऊसतोडीला जायचे. अण्णा तिला विचारत होते, "तुमच्यात उचल कधी देतात, दसऱ्याला का?" ती सांगत होती, अण्णा मान डोलवत होते, मधेच दुरुस्ती करत होते, ती मोबाइलवर लिहून घेत होती. अर्धा तास! मी पाण्याची बाटली घेऊन तशीच लांब उभी राहिले. या वेळी "चला" म्हणाले नाही.

निघताना ती म्हणाली, "काका, तुम्ही हे सगळं लिहून पाठवा ना मला."

अण्णा म्हणाले, "लिहिलंय मी. पण ते दुसऱ्याचं आहे."

तिला काही कळलं नाही. मला कळलं. घरी येईपर्यंत आम्ही दोघंही त्यावर बोललो नाही. रात्री जेवताना अण्णा एवढंच म्हणाले, "पोरगी चांगलं लिहील. वही घ्यायला पाहिजे एक."

आत्या, तू विचारलं होतंस ना, असं काय असतं तिथं? हे असतं. दरवेळी मिळत नाही. एकदा बांबूच्या पलीकडून निघून जातं आणि वीस वर्षं ट्रंकेत पडून राहतं. पण मिळण्याची शक्यता तिथं असते, म्हणून माणसं हंगामातली रजा काढून जातात.

ता. क. अण्णांची नवी वही बारा पानांपर्यंत आली आहे. ही पोस्टानं पाठवणार का म्हणून विचारलं तर म्हणाले, "बघू, शंभरावं कुठं आहे ते."